चंदनाचं मौन

निपाणी,
ता. २१ ऑगस्ट १९३४

कांताआक्कास रायाप्पाचा जयजिनेंद्र.

पंचमीला तुझं माहेरी येणं झालं नाही, ते एका अर्थी बरंच झालं. सांगायची गोष्ट वाईट आहे, पण फार वाईट नसावी. नक्की किती, ते मलाच कळलेलं नाही, म्हणून तुला लिहायला बसलो.

पंचमीला मळ्यातल्या चिंचेला झोका बांधला होता. आपली चंदना उभ्याने झोके घेत होती. दोर तुटला नाही, फांदी मोडली नाही, पोरगी आपणच हात सोडून खाली आली आणि हनुवटीवर आपटली. हात का सोडलास म्हणून विचारलं तर रडत म्हणते, "टाळी वाजवायची हुती." आठ वर्षांच्या पोरीला यावर काय बोलणार? हनुवटी फुटली होती. गावातल्या डॉक्टरांनी टाके घालून दिले, रक्त थांबलं, आणि आम्हांला वाटलं निभावलं.

पण दुसऱ्या दिवशी तिला भाकरी चावेना. कुठं दुखतं विचारलं तर बोट डाव्या कानापुढं नेते. मार खाली लागला आणि दुखतं वर, हे काय ते कळेना. अव्वाने नातीचं तोंड बघितलं आणि म्हणाली, "रायाप्पा, हिचं दात दातावर बसंनात रं." मग तालमीतल्या जोतिबा वस्तादांना बोलावलं. गावातली निम्मी हाडं त्यांच्या हातून बसलेली आहेत. त्यांनी कानापाशी दाबून बघितलं, आंबेहळदीचा लेप लावला, स्वतःच्या पटक्याची पट्टी फाडली आणि हनुवटीखालून टाळूवर अशी घट्ट बांधली. म्हणाले, "हात मोडला तर गळ्यात अडकवतो न्हवं? तसंच हे. हाडाला हलू द्याचं न्हाय. म्हैनाभर दूध, पेज, आन् तोंड बंद."

तेव्हापासून घर एकदम शांत आहे. एरवी ही पोरगी बांगडीवाल्याशीसुद्धा भांडायची. अव्वा म्हणते, देवानंच लगाम घातला.

पोरीची आई इथं नाही, अक्काताई बाळंतपणाला चिकोडीला तिच्या माहेरी आहे. तिला यातलं काही कळवलेलं नाही, तूही कळवू नकोस. तुमच्या टिळकवाडीत ते अंकलगी डॉक्टर आहेत ना, लढाईत शिपायांचे जबडे बसवलेले? त्यांच्या कानावर घाल. नुसतं विचार. पोरीला आणायला मला आत्ता सवड नाही, तंबाखूची लावणी चालू आहे.

रायाप्पा

•

टिळकवाडी, बेळगाव,
ता. २५ ऑगस्ट

रायाप्पा,

पत्र मिळालं. "फार वाईट नसावी" हे वाक्य तू लहानपणापासून लिहितोस आणि ते एकदाही खरं झालेलं नाही.

अंकलगी डॉक्टरांकडे मी आणि हे दोघंही गेलो. पत्र वाचून दाखवलं. हनुवटीच्या मजकुरापर्यंत ते नुसते मान हलवत होते, "बोट कानापुढं नेते" इथं आल्यावर त्यांनी चष्मा काढला. मला म्हणाले, "बाई, तुमच्या कानापुढं बोट ठेवा, आणि तोंड उघडा-मिटा." ठेवलं. बोटाखाली काही तरी घसरतं. तूही करून बघ. डॉक्टर म्हणाले, ती जबड्याच्या हाडाची बोंडी, ती तिथं खोबणीत फिरते. लहान पोर हनुवटीवर पडलं की मार हाडातून वर जातो आणि हाड तिथं मोडतं. हनुवटीची जखम सगळ्यांना दिसते, टाके पडतात. कानापाशी मोडलेलं कुणाला दिसत नाही.

इथपर्यंत मला कळलं. पुढचं मी दोनदा विचारलं, कारण ते उलटं वाटतं. डॉक्टर म्हणाले, "मोठ्या माणसाचा जबडा मी तारेनं बांधून महिना-महिना ठेवलाय. पोराचा ठेवत नाही. पोराचं हाड फार लवकर जुळतं, आणि ती बोंडी नको तिथंही जुळते. वर कवटीलाच धरून बसते." म्हणजे पट्टी आठ-दहा दिवस, तीही सैल. दुखणं उतरलं की काढायची आणि तोंड हलवायला लावायचं. बोलू दे, गाऊ दे, खाऊ दे. आधी आणून दाखवलंत तर सगळ्यात बरं, असं दोनदा म्हणाले.

मोडलेलं हाड बांधून ठेवायचं हे आपल्याला कळतं. मोडलेलं हाड हलवायचं हे मलाही नीट पचलेलं नाही. पण त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं आहे. लावणी गडी करतील. तू पोरीला घेऊन ये.

कांता

•

निपाणी,
ता. २ सप्टेंबर

आक्का,

बस्तीत दर्शन झाल्यावर तिथल्या कट्ट्यावर तुझं पत्र मी वस्तादांना वाचून दाखवलं. ते रागावले नाहीत, उलट नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचा डाक्टर पोरगी न बघता पन्नास मैलांवरनं कान सांगतोय. मी बोटानं चाचपलंय. आन् मांडी मोडली तर ह्यो काय पळा म्हननार हाय?" कट्ट्यावरचे सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येऊन कानापुढं बोट ठेवून तोंड उघडलं-मिटलं. घसरतं खरं.

आता मी काय करू? तू म्हणतेस सोड, वस्ताद म्हणतात बांध. तुझा डॉक्टर मोठा, पण त्यांनी तिला पाहिलेली नाही. वस्तादांनी पाहिली आहे, पण त्यांच्या हाताखाली आजवर जास्त करून पैलवानच आले. शेवटी मी दोघांचंही ऐकायचं ठरवलं. पट्टी दिवसभर ठेवायची, पेज पाजण्यापुरती सोडायची आणि पुन्हा बांधायची. यात दोघांचाही मान राहतो. मनाला जरा बरं वाटलं.

टाके छान भरले आहेत. हनुवटीवर नुसती रेघ राहील. दुखत नाही म्हणते, म्हणजे मानेनेच सांगते. पट्टी सोडल्यावरसुद्धा फारशी बोलत नाही. सवय मोडली असेल. अव्वा तर खूश आहे: "लई गुणाची झाली बघ पोर."

बेळगावला यायचं ते पर्व झाल्यावर बघू. आता दशलक्षणाचे दहा दिवस तोंडावर आले आहेत.

रायाप्पा

•

टिळकवाडी,
ता. ६ सप्टेंबर

रायाप्पा,

दोघांचंही ऐकलंस म्हणजे कुणाचंच ऐकलं नाहीस. पेज प्यायला तोंड उघडावं लागत नाही.

तुझं पत्र घेऊन मी यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले तेव्हा ओसरीवर एक माणूस बसला होता. हिंडलग्याचा, नागोजी नावाचा, भाजी घेऊन येतो. वय तिशीच्या पुढं, मिशी आहे, पण हनुवटी एवढीशी, पोराची असावी तशी, आत गेलेली. मी बघतेय हे त्याच्या लक्षात आलं. दात न उघडता म्हणाला, "बगा आक्का, बगा. सगळीच बगत्यात." डॉक्टरांनी त्याला मुद्दाम बोलावलं होतं. लहानपणी बैलगाडीवरून पडला. हनुवटीची जखम भरली, आणि मग वर्षभरात तोंड मिटत-मिटत पूर्ण मिटलं. खाता यावं म्हणून त्याच्या बापाने पुढचा एक दात पाडून घेतला. त्या फटीतून तो भात बोटाने आत सारतो. हे त्याने मला करून दाखवलं. मला बघवलं नाही, पण बघितलं.

लग्न झालं का असं यांनी विचारलं. म्हणाला, "न्हाय. पन् भांडान बी न्हाय झालं कवा कुनाशी." आणि तो हसला, तेव्हा नुसते ओठ हसले.

डॉक्टर म्हणाले, त्या बोंडीपाशीच पोराचा जबडा वाढतो. ती आखडली की तोंडही उघडत नाही आणि हनुवटीही वाढत नाही. मोठा झाल्यावर हे दुरुस्त करणं फार अवघड.

म्हणून आता एवढंच कर. पट्टी काढ. चंदनाला तिची तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये घालायला सांग. तिचीच बोटं, तुझी नव्हेत. तीन जातात का, दोन जातात, की एकच, ते मला उलट टपालाने कळव.

कांता

•

निपाणी,
ता. १६ सप्टेंबर

आक्का,

उत्तराला उशीर झाला. पण कारण ऐकशील तर रागावणार नाहीस.

पट्टी पर्वाच्या आधीच काढली. तू म्हणालीस म्हणून आणि वस्तादांचाही महिना भरत आला म्हणून. पर्वाच्या पहिल्या दिवशी अव्वा चंदनाला बस्तीत घेऊन गेली आणि परत आली ती डोळे पुसत. चंदनाने मौन घेतलं आहे. मौन आणि एकाशन. दिवसातून एकदाच, तेही नुसतं दूध किंवा मुगाचं पातळ कढण. चतुर्दशीपर्यंत. एवढीशी पोर, आक्का. आपल्या घरात इतकं कडक पर्व अव्वाच्या सासूनंतर कुणी पाळलं नव्हतं.

गावात दुसरा विषय नाही. बायका तिला बघायला येतात. ती अव्वाच्या शेजारी पाट टाकून बसते, हात मांडीवर, ओठ मिटलेले. काल बस्तीच्या उपाध्यांनी प्रवचनात तिचं नाव घेतलं. चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पारणं आहे, तिला पहिला घास उपाध्ये स्वतः भरवणार. जोतिबा वस्ताद जैन नाहीत, पण तेही लांबून हात जोडून गेले. मला म्हणाले, "मी नुसतं जबड्याला गप केलं, पोरीनं जीभ बी गप केली." माझा ऊर भरून आला.

बोटांचं विचारलं होतंस. तिला म्हटलं, तर तिने मान हलवली. व्रतात आहे, आग्रह करणं बरं दिसेना.

एक मात्र तुला म्हणून लिहितो. हे व्रत तिला दिलं कुणी, ते मला कळेना. मी उपाध्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुमच्या मातोश्रींनीच दिलं असेल, त्या मला सांगत आल्या." अव्वाला विचारलं, तर म्हणाली, "उपाध्यांनी दिलं, न्हायतर पोर आपल्या मनानं कशी घेईल?" दोघंही खरं बोलणारी माणसं आहेत. असो. कुणी का देईना, घेतलं आहे खरं.

अक्काताईलाही कळवायचं मनात आहे. पडल्याचं नाही, व्रताचं.

रायाप्पा

•

टिळकवाडी,
ता. १८ सप्टेंबर

रायाप्पा,

तुझं पत्र वाचून मी देवापुढं दिवा लावला. आपली पोर. ती तोंडाची टकळी, आणि मौन. यांना वाचून दाखवताना मला रडू आलं. मग ते पत्र मी घडी करून ठेवलं, आणि जेवताना घास तोंडात घातला तो तसाच राहिला. दूध. कढण. ओठ मिटलेले. बोटं घालायला नको म्हणते.

मी डॉक्टरांकडे गेले. ते लिंगायत, पर्व त्यांना काय ठाऊक, म्हणून नीट समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, "ती जांभई देते का?"

मला अर्थ कळायला वेळ लागला. बोलायचं नाही हे माणूस ठरवू शकतं. खायचं नाही हेही. जांभई कुणी ठरवून देत नाही.

मी असं म्हणत नाही की तिचं व्रत खोटं आहे. मला खरंच माहीत नाही. व्रत असेल तर मी त्याच्या पाया पडते. पण तू तिच्याजवळ आहेस. एकदा जांभई बघ. आणि बघशील ते लिही, अव्वा काय म्हणाली ते लिहू नकोस.

कांता

•

निपाणी,
ता. २० सप्टेंबर

आक्का,

बघितली.

काल दुपारच्या प्रवचनाला मी तिच्यासमोर बसलो. उपाध्ये लांबले. एकाने जांभई दिली की सगळीकडे पसरते तशी ती पुरुषांकडून बायकांकडे गेली, अव्वालाही आली, आणि मग चंदनाला. नाकपुड्या फुगल्या, मान मागं गेली, आणि ओठ उघडले. दात उघडले नाहीत, आक्का. म्हणजे उघडले ते एवढेच, की मधून रुपया आडवा सरकेल. हनुवटी डावीकडं ओढली गेली आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग तिने इकडं-तिकडं बघितलं, कुणी बघितलं का म्हणून. मी बघत होतो. तिने मान खाली घातली.

घरी आल्यावर माडीवर नेऊन विचारलं, "बाळा, व्रत हाय का?" मान हलवली, हो. "का तोंड उघडत न्हाय म्हणून गप हाईस?" मान हलवली, हो. "मग दोन्ही कसं?" यावर माझ्याकडं नुसती बघत राहिली, जसा काही मीच तिला ते सांगणार होतो.

अव्वाला सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या आक्कानं बेळगावातनं नजर लावली. दोन दिसांनी चतुर्दशी हाय. पारणं झाल्यावर कुठं न्यायचं तिकडं न्ये. हातातोंडाशी आलेलं व्रत मोडतोस व्हय?" दोन दिवसांनी काय बिघडतं, असं मलाही वाटतं. आणि मग वाटतं, असंच वाटत-वाटत महिना गेला. नेलं, आणि व्रत असलं, तर ते मी मोडलं. नेलं नाही, आणि व्रत नसलं, तर पोरीचं तोंड माझ्यामुळं कायमचं मिटलं, आणि मग गावाने नमस्कार तरी कशाला केला? आणि पारण्याला उपाध्ये घास घेऊन तिच्यापुढं बसले आणि तिने तोंडच उघडलं नाही, तर?

मला काही सुचत नाही. तूच काही तरी ठरव.

रायाप्पा

•

निपाणी,
ता. २६ सप्टेंबर

आक्का,

चंदनाला ताप नाही ना, ते आधी कळव.

तुम्ही गेल्यापासून मी तो दिवस पुनःपुन्हा डोळ्यांपुढं आणतो आहे. चतुर्दशीच्या आदल्या दिवशी तू मोटारीतून उतरलीस, पाणीसुद्धा न घेता तिच्यापुढं बसलीस आणि म्हणालीस, "बोट घाल." तिने करंगळी घालून बघितली, नखाच्या पुढं जाईना. तेव्हा अव्वा दारात उभी होती, तिनेही बघितलं. तरी म्हणाली, "एक दीस थांब, कांता." तू म्हणालीस, "मोडल्याचं पाप माझ्या माथी." मी पोरीला उचललं ते सगळ्यांनी बघितलं, आणि मी तिला नेलं असं सगळे म्हणतात. खरं सांगू? मी तिला नेत होतो की तुझ्या हातून परत घेत होतो, ते मोटारीच्या दारापर्यंत माझं ठरलेलं नव्हतं. क्लिनर म्हणाला, "चला, बसवा," म्हणून बसवली.

दुसऱ्या दिवशी बस्तीत तिचा पाट रिकामा होता. मग अव्वा उठून त्या पाटावर जाऊन बसली आणि उरलेलं व्रत आपण घेतलं. मौन, एकाशन, नुसतं दूध. पर्व संपलं तरी सोडत नाही. पोर परत येईपर्यंत पाळणार, असं तिने खुणेने सांगितलं. निदान मला तसा अर्थ लागला.

वस्ताद भेटले. मी तोंड चुकवणार होतो, त्यांनीच थांबवलं. "कानातच मोडलं हुतं व्हय?" मी म्हटलं, हो. "मोडल्यालं हाड हलवायचं," म्हणाले, "ह्ये माज्या डोक्यात शिरंना. पन् तेंला म्हनावं पोरगी बरी करा."

रायाप्पा

•

टिळकवाडी,
ता. १४ ऑक्टोबर

रायाप्पा,

आधीच्या दोन कार्डांत खुशाली होती. आज सविस्तर लिहिते.

सांधा अजून हाडाने जुळलेला नाही, नुसता आखडला आहे, असं डॉक्टरांचं मत आहे. आणखी काही महिने गेले असते तर बोलायला जागा नव्हती. उपाय बघवत नाही. आधी गरम पाण्याच्या फडक्याने कानापुढं शेकायचं. मग पातळ लाकडी पट्ट्या एकावर एक ठेवून दाढांमध्ये सरकवायच्या आणि धरून ठेवायच्या. दिवसातून तीन वेळा. तिला त्या सोसायला लागल्या की मध्ये आणखी एक सरकवायची. पहिल्या आठवड्यात मी पट्टी धरायची आणि हे बाहेर जाऊन फाटकाशी उभे राहायचे. डॉक्टरांनी आरशावर साबणाने उभी रेघ काढून दिली आहे. त्या रेघेवर हनुवटी ठेवून तोंड उघडायचं, डावीकडं जाऊ द्यायची नाही. ती आरशातल्या स्वतःकडं अशी रागाने बघते, की मलाच हसू येतं.

परवा तिने डॉक्टरांचं बोट चावलं, आणि कानडीत एक शिवी दिली. ही शिवी आपल्या घरात कुणाला येते ते मी विचारत नाही. डॉक्टर बोट झटकत म्हणाले, "चावली. उत्तम." आता तिची दोन बोटं दातांत जातात. काल पहिल्यांदा पोळी खाल्ली, दुधात न भिजवता.

पुढचं नीट वाच. तोंड उघडेल, असं डॉक्टर म्हणतात. पण तो जबडा दोन्ही बाजूंनी सारखा वाढेल का, ते आज कुणीच सांगू शकत नाही, तेही नाही. वयात येईपर्यंत वर्षातून दोनदा आणून दाखवायची. आणि हे पट्ट्यांचं काम आत्ता सोडलं तर सांधा पुन्हा धरेल. म्हणजे दिवाळीला ती निपाणीला आली की तिथं रोज, तीन वेळा, ती ओरडली तरी, कित्येक महिने. अव्वाच्या घरात हे कोण करणार, ते ठरव. नाही ठरलं तर मी तिला पाठवणार नाही.

कांता

•

निपाणी,
ता. २२ ऑक्टोबर

आक्का,

अक्काताईला चिकोडीला मुलगा झाला, बघून आलो. तिला सगळं कुणी तरी सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही, अव्वा कुणाशीच बोलत नाही. घरात मी आणि गडी एवढेच बोलणारे उरलो आहोत.

पट्ट्या मी धरीन. पण मी दिवसभर तंबाखूच्या वखारीत असतो, तेव्हा दुपारची वेळ अव्वावरच येणार. तिला विचारलं, तर तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. या घरात मानेवरचा माझा विश्वास उडाला आहे.

अव्वाच्या मनातलं मला थोडं कळतं. तिला भीती जबड्याची नाही, मोडलेल्या व्रताची आहे. पोरीला तोंड उघडायला लावलं की दर वेळी ते पुन्हा मोडतो आहोत असं तिला वाटतं. उपाध्ये म्हणतात, घेतलंच नसेल तर मोडणार काय. पण घेतलं होतं की नाही? तेवढं एकदा कळलं तर अव्वा पाटावरून उठेल. तुला सांगत नसेल तर तिलाच लिहायला सांग. तिचं अक्षर लागतं मला.

रायाप्पा

•

बेळगाव,
ता. ३० ऑक्टोबर

आप्पा,

मी चंदना. आत्या शेजारी बसली नाही. तिला मी स्वयंपाकघरात जा म्हटलं.

आज सीताफळ खाल्लं. बिया मी लांब थुंकते. बाळ कसा आहे? त्याला झोक्यावर बसवू नका.

तुम्ही विचारलंय व्रत होतं का. मी घेतलं नव्हतं. पट्टी सोडली तेव्हा तोंड उघडेना. दुखत पण नव्हतं. पावसात दार फुगल्यावर होतं तसं झालं होतं. दात मिटून बोललं की फसफस आवाज यायचा, आणि गल्लीतली पोरं तसंच बोलून दाखवायची. म्हणून मी बोलत नव्हते. मग बस्तीत एका बाईंनी अव्वाला विचारलं, पोरीनं मौन घेतलंय का. अव्वा माझ्याकडं बघून हसली. अव्वा माझ्याकडं बघून तशी कधी हसत नाही. म्हणून मी मान हलवली. मग सगळे नमस्कार करायला लागले. मग सोडायचं कसं ते मला माहीत नव्हतं, म्हणून पाळलं. भूक लई लागायची. खोटं पाळलं नाही, एकदा पण चोरून दूध पिलं नाही. मग ते व्रत झालं का नाही ते मला माहीत नाही. उपाध्यांना विचारा. अव्वाला सांगा तिनं जेवावं.

आणि एक विचारायचं आहे. तिथं सगळे म्हणायचे तोंड मिटून ठेव. इथं सगळे म्हणतात उघड. मिटलं तेव्हा तिथले शहाणी पोर म्हणायचे, उघडलं की इथले पण तेच म्हणतात. दिवाळीला आत्या मला मोटारीत बसवून देणार आहे. मी उतरीन तेव्हा अव्वा आणि सगळे आले असतील. तेव्हा कसं उतरायचं, मिटून का उघडून, ते अव्वाला विचारून आधीच लिहा. तिनं सांगितलं तर मी तसं करीन. पण उघडून सांगितलं तर बरं होईल, कारण मिटलं की परत उघडायला लई दुखतं.

तुमची,
चंदना